सेलूकर सरांचा डायोड

दाढी अर्धी झाली होती. डावा गाल स्वच्छ, उजव्या गालावर फेस. अशा अवस्थेत सेलूकर सर खुर्चीतून उठले, गालावरचा फेस बोटानं निपटला आणि सलूनच्या आरशावर त्यांनी दोन उभ्या भिंती काढल्या.

"सोपं आहे हो," ते गणपत न्हाव्याला म्हणाले. "ही एक भिंत. ही दुसरी. मधे चिंचोळी खोली. इलेक्ट्रॉन इकडून आला. भिंतीला दार नाही, खिडकी नाही, साधं भोक नाही. तरी तो पलीकडे गेला. कसा गेला?"

वस्तरा हातात धरून उभा असलेला गणपत म्हणाला, "वरून उडी मारली आसंल."

"तेवढी ताकदच नाही त्याच्यात."

"मंग भिंत फोडली."

"भिंत जशीच्या तशी."

गणपतनं माझ्याकडे बघितलं. मी नंबर लावून बाकावर बसलो होतो. मी पटकन पेपरात डोकं घातलं.

"मंग त्यो ग्येलाच नसंल सर," गणपत शेवटी म्हणाला. "पलीकडं तुमाला दुसराच कोनीतरी दिसला आसंल."

सरांनी त्याला आणखी पाच मिनिटं समजावलं. मग विचारलं, "कळलं?" गणपत म्हणाला, "कळलं, कळलं. बसा आता, फेस वाळायलाय." सर समाधानानं बसले. उरलेली दाढी झाली. माझा नंबर आला तेव्हा गणपतनं ओल्या फडक्यानं आरसा पुसला आणि हळूच मला विचारलं, "सर, तुमी बी कालिजातच हाय ना? तुमाला कळलं का?"

मी म्हटलं, "मी मराठी शिकवतो."

गेली पंधरा-सोळा वर्षं मी हेच उत्तर देत आलोय.

सेलूकर सर परभणीत आमच्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात आणि आमच्याच गल्लीत राहतात. एकटे. लग्न केलं नाही. वडील होते, ते काही वर्षांपूर्वी गेले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा, त्यामुळे सगळे शर्ट डाव्या बाजूला पांढुरके. मला ते 'कवी' म्हणतात. मी आयुष्यात कविता केलेली नाही हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. "मराठीवाले ना तुम्ही? मग झालं," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

तरुणपणी दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत ते संशोधन करत होते. विषय होता रेझोनंट टनेलिंग डायोड. चार वर्षं काढली, आणि मग वडील अंथरुणाला खिळले म्हणून सगळं सोडून परत आले. पदवी राहिली. हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यामुळे त्यांना कुणी फार हसत नसे. म्हणजे हसायचे, पण नंतर वाईट वाटून घ्यायचे.

आता तो डायोड म्हणजे काय, हे मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. चुकलं तर माझं, सरांचं नाही. केसाचे उभे दहा-वीस हजार काप केले तर त्यातल्या एका कापाइतक्या जाडीच्या दोन भिंती. मधे तशीच बारीक खोली. या खोलीत इलेक्ट्रॉनला वाटेल त्या उंचीवर उभं राहता येत नाही, पायऱ्या ठरलेल्या असतात. बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनची उंची आतल्या पायरीशी जुळली, तर तो दोन्ही भिंतींतून असा पार होतो की जणू भिंती नव्हत्याच. नाही जुळली, तर बसा बाहेर. मग विजेचा दाब वाढवत नेला की काय होतं? आधी प्रवाह वाढतो. पुढं दाब आणखी वाढवला की पायरी हुकते आणि प्रवाह चक्क कमी होतो. जोर जास्त, काम कमी. आणि हे सगळं इतक्या वेगानं, की आपली पापणी एकदा लवेपर्यंत असा डायोड लावलेलं सर्किट अब्जावधी वेळा वर-खाली होऊन मोकळं.

हे जगातल्या सगळ्यात वेगवान गोष्टींपैकी एक आहे, असं सर सांगतात. स्वतः ते सायकलवर असतात, आणि त्यांची सायकल इतकी हळू चालते की स्टेशन रोडला भाजीच्या पिशव्या घेऊन चाललेल्या बायका त्यांना ओलांडून पुढं जातात.

गावात त्यांची ओळख जरा भलतीच झाली. ते डायोडला 'आरटीडी' म्हणतात. ऐकणाऱ्याला ऐकू येतं 'आरटीओ'. आमच्या चौकातले रिक्षावाले त्यांना बघितलं की खाकी शर्टाची बटणं लावायचे. एकदा एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या घरी आला. मुलाचं लायसन अडकलं होतं. सरांनी त्याला बसवून घेतलं, खडू काढला, फरशीवर भिंती काढल्या. बिचारा तासभर ऐकत होता. जाताना मला गल्लीत भेटला तर घाम पुसत म्हणाला, "सायेब लय कडक हाय. सरळ न्हाईच म्हनला न्हाई, पन दोन भिंती हाय म्हनला मधी."

बसस्टँडवर तर त्यांनी प्रयोगच केला होता. पाथरीची बस लागली की जी झुंबड उडते ती बघायला ते वही घेऊन उभे राहायचे. लोक ओळीनं चढले तर मिनिटाला किती चढतात आणि मागून रेटा आला तर किती, याची आलेखावर रेघ आखायचे. "बघा कवी, रेटा वाढला की माणसं आत जायची थांबतात. हीच ती उतरती रेघ!" कंडक्टरला वाटलं, हा वरून आलेला तपासनीस. त्यानं गर्दी बाजूला सारून सरांना पहिल्या सीटवर नेऊन बसवलं. सरांना पाथरीला जायचंच नव्हतं. पण भिडेखातर गेले, आणि संध्याकाळी परत आले.

माझी बायको सुनंदा दहावी झालेली. सर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येतात, तेव्हा तिलाही डायोड ऐकावा लागे. एकदा ती वरवंट्याऐवजी मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी करत होती आणि सर दारात उभे राहून जोर जास्त, काम कमी असं सांगत होते. मिक्सर बंद करून ती म्हणाली, "भाऊजी, म्हणजे ह्याच्यासारखंच की. एकवर ठेवलं तर भरड निघतं. दोनवर बारीक. आणि तीनवर नेलं की सगळं उडून भांड्याच्या कडेला चिकटून बसतं. पातं नुसतं हवेत फिरतं, वाटलं काहीच जात नाही."

सरांनी वाकून भांड्याच्या कडेला चिकटलेली चटणी बघितली. मग म्हणाले, "वहिनी, अगदी तसं नाही. पण रेघ मात्र हीच." पुढचे चार दिवस ते रोज आले. रोज तीनही बटणांवर चटणी करायला लावली. आमच्या घरात इतकी चटणी झाली की ती शेवटी गल्लीत वाटावी लागली. वाटताना सुनंदा म्हणाली, "मला वाटतं मला कळलं." मला किती वाईट वाटलं म्हणून सांगू!

वर्गात वेगळी गंमत होती. आरटीडी अभ्यासक्रमात जेमतेम एका ओळीपुरता. तरी सर दरवर्षी एम. एस्सी.च्या वर्गाला आठवडाभर तोच शिकवत. परीक्षेत येत नाही म्हटल्यावर मुलं आरामात बसायची. सर शेवटी विचारायचे, "कळलं?" मुलं एका सुरात म्हणायची, "कळलं सर!" घंटा व्हायची. वर्षामागून वर्षं.

मग दोन वर्षांपूर्वी एका दुपारी सर स्टाफरूममध्ये आले आणि माझ्यासमोर खुर्चीत बसले. हातात डस्टर तसंच होतं. चेहरा असा, की मला वाटलं कुणी गेलं की काय.

"कवी, आज एका मुलीनं नाही म्हटलं."

"कशाला नाही म्हटलं?"

"मी विचारलं, कळलं? ती म्हणाली, नाही सर."

 ते पुढं सांगू लागले. मुलीचं नाव ऋतुजा. पोखर्णीची. रोज गावाहून येऊन-जाऊन करणारी. ती उभी राहिली आणि तिनं विचारलं, "सर, इलेक्ट्रॉन पहिल्या भिंतीपाशी आलाय. आतल्या खोलीतली पायरी कोणत्या उंचीवर आहे हे त्याला बाहेरूनच कसं समजतं? तो तर अजून आत गेलेलाच नाही."

"मग तुम्ही काय उत्तर दिलं?"

"घंटा झाली," सर म्हणाले. मग डस्टर टेबलावर ठेवून म्हणाले, "म्हणजे व्हायला वीस मिनिटं होती. पण झाली शेवटी."

त्या दिवसापासून ऋतुजा आणि सर यांचं काहीतरी सुरू झालं ज्याला मी भांडण म्हणत होतो आणि सर शिकवणं म्हणत होते. ती विचारायची, सर फळा भरून गणित मांडायचे, ती म्हणायची, "गणित बरोबर आलं सर, पण कळलं नाही." सर घरी जाऊन जुन्या वह्या काढायचे. सकाळी सात वाजता सायकलवर, म्हणजे साडेसहाला निघून, कॉलेजात यायचे. मला वाटायचं, एवढ्या हुशार माणसाला एक पोरगी इतकी कशी दमवते? पण त्यात माझा विषय मराठी, म्हणून मी गप्प.

दोन वर्षं अशी गेली. यंदा ऋतुजा एम. एस्सी. झाली आणि तिची संशोधनासाठी निवड झाली. दक्षिणेतल्या त्याच संस्थेत, जिथे सर होते. यादीत नाव दिसलं तेव्हा सरांनी कॉलेजच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना स्वतः जाऊन सांगितलं. आणि चौथ्या दिवशी ऋतुजा येऊन म्हणाली, "सर, घरचे नको म्हणायलेत."

रविवारी सकाळी सर माझ्या दारात. "कवी, स्कूटर काढा. पोखर्णीला जायचंय."

"मी कशाला?"

"दुभाषी म्हणून. माझं बोलणं लोकांना समजत नाही असं लोक म्हणतात. तुम्ही माणसांच्या भाषेत बोला."

रस्ताभर मी त्यांना बजावत होतो. "सर, आज डायोड काढायचा नाही. भिंती नाही, खोली नाही, पायरी नाही. तिच्या वडलांना फक्त एवढंच सांगायचं, की मुलगी हुशार आहे, पाठवा." मागच्या सीटवरून सर "हो, हो" म्हणत होते. त्यांच्या खिशातला खडू मी निघतानाच काढून घेतला होता.

ऋतुजाचे वडील रंगनाथराव नरसिंहाच्या मंदिरात सेवेला असतात. पहाटेची झाडलोट, फुलं, पूजेची भांडी, सगळं त्यांच्याकडे. आम्ही गेलो तेव्हा ते नुकतेच मंदिरातून आले होते. ओसरीवर सतरंजी टाकली. ऋतुजाची आई कौसल्याबाई चहा ठेवून दाराआड थांबल्या. ऋतुजा त्यांच्या मागं.

मी माणसांच्या भाषेत सुरुवात केली. मुलगी किती गुणी, संस्था किती मोठी, वसतिगृह आहे, मुलींची वेगळी सोय आहे. रंगनाथराव मान हलवत होते. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "सर, तुमचं सगळं बरोबर हाय. पोरगी लांब जाईल त्याचं मला भेव न्हाई. थोरलीला मी सोलापूरकडं दिली, ती बी लांबच हाय. पैशाचं म्हनाल तर ती म्हंती तिथं तेच देतेत. पन…"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"रागावू नका. पन ह्या सरांकडं बघून भेव वाटतंय."

मी कपाळावर हात मारायचाच बाकी होता. सेलूकर सर मात्र शांतपणे म्हणाले, "बोला."

"तुमी बी तिथंच शिकलात म्हनं. लय हुशार हुतात म्हनं. आता परभनीत लोक तुमाला काय म्हन्तेत, मी सांगायला नको. सलूनात आरशावर लिवता. बसस्टँडवर मानसं मोजता. लगीन न्हाई, घर न्हाई, नुसतं त्येच त्येच. आमची पोरगी तिथून अशीच होऊन आली तर? तुमी पुरुष मानूस, खपून ग्येलं. पोरीला लोक काय म्हन्तील?"

 मला काहीतरी सारवासारव करायची होती. तेवढ्यात रंगनाथरावांनाच वाटलं आपण फार बोललो. त्यांनी आवाज मऊ केला आणि विचारलं, "त्ये जाऊ द्या. पन सर, मला एकदा सांगा तरी. पोरगी दोन वर्सं त्येच घोकायली. ह्ये डायोड डायोड म्हन्तेत, त्ये हाय तरी काय?"

मी डोळे मिटून घेतले. आता तासभर सुटका नाही. खडू माझ्या खिशात होता, पण सर चहात बोट बुडवून सतरंजीवर भिंती काढतील याची मला खात्री होती.

"मला माहीत नाही," सेलूकर सर म्हणाले.

मी डोळे उघडले.

रंगनाथराव गोंधळून म्हणाले, "तुमालाच माहीत न्हाई?"

"नाही. वरवरचं माहीत आहे. सगळ्यांना सांगतो तेवढं. तुमच्या मुलीनं विचारलं ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही." सर सतरंजीच्या कडेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळत होते. "तिथं चार वर्षं होतो मी. एक मोठा पोलादी हंडा असतो, त्यातली सगळी हवा काढून टाकतात आणि आत अणूंचे थर एकावर एक चढवतात. मी चढवायचो. मग वीज देऊन मोजायचं. रेघ वर जाऊन खाली आली पाहिजे, मग जमलं. जगात एवढं एकच ठिकाण असेल जिथे आपली रेघ खाली यावी म्हणून लोक देव पाण्यात ठेवतात. इतरांची यायची. माझी कधीच आली नाही. सरळ वरच जायची."

कौसल्याबाई दारातून थोड्या पुढं आल्या होत्या.

"का येत नाही ते मला कळत नव्हतं. शनिवारी सगळे जमायचे, मोठे सर फळ्यावर सांगायचे, विचारायचे, समजलं ना? सगळे मान डोलवायचे. मीही डोलवायचो. मराठवाड्यातून आलेलो, इंग्रजी धड नाही, मलाच एकट्याला कळत नाही हे कसं सांगणार? चार वर्षं मान डोलवली मी. मग एक दिवस गाडीत बसलो आणि घरी आलो."

"वडील आजारी होते म्हणून," मी म्हटलं. मला त्यांना मदत करायची होती.

"वडील ठणठणीत होते कवी. ते तर पुढं कितीतरी वर्षांनी आजारी पडले. मी आलो तेव्हा ते अंगणात होते. त्यांनी विचारलं, किती दिवसांची सुट्टी? मी म्हटलं, बरीच आहे. त्यांनी परत कधी विचारलं नाही. लोकांना मी वडलांचं सांगितलं. वडलांनी ते ऐकलं, तरी कुणापाशी मला खोटं पाडलं नाही. चांगले दोन महिने बाहेर पडताना काठी घेऊन चालायचे."

मी इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी राहतो, जो दर रविवारी माझ्याकडे जेवतो, त्याच्याबद्दल मला एवढंही माहीत नव्हतं. मी कॉलेजात कितीतरी जणांना ती वडलांच्या आजारपणाची गोष्ट सांगितली होती, थोडं मीठमसाला लावून. आता कुठं बघावं हे मला कळेना. मी कपातल्या चहाकडे बघत बसलो.

"लोकांना दिसेल तिथं सांगत फिरतो, ते एवढ्यासाठी," सर म्हणाले. "वाटतं, सांगता सांगता कधीतरी मला कळेल. किंवा कुणीतरी मला अडवेल. कुणी अडवत नाही. सगळे म्हणतात, कळलं. हिनं अडवलं. पहिल्या दिवशी, सगळ्या वर्गासमोर. जे मला चार वर्षांत एकदाही जमलं नाही ते. म्हणून म्हणतो रंगनाथराव, ती माझ्यासारखी होणार नाही. झाली तर मला येऊन बोला."

 रंगनाथरावांनी मागं वळून बायकोकडे बघितलं. कौसल्याबाई पदर सावरत म्हणाल्या, "जाऊ द्या की हो. समजलं तर बी घरीच येईल, न्हाई समजलं तर बी घरीच येईल. दार काय बंद करायलोत का आपन?"

"सर म्हन्तेत तर…" रंगनाथराव म्हणाले. मग ऋतुजाला म्हणाले, "पन रोज फोन करायचा."

"घरी रोज," सर घाईनं म्हणाले. "मला आठवड्यानं केला तरी चालेल. आणि ऐक गं, तिथं शनिवारी सगळे मान डोलवतील. तुला कळलं नाही तर लगेच म्हणायचं. धीर नाही झाला तर रविवारी मला फोन लावायचा आणि मला म्हणायचं. मोठ्यानं म्हणायचं. म्हटलं की जरा हलकं वाटत असेल. असेल म्हणतो, मी कधी म्हणून बघितलं नाही."

ऋतुजा हसली आणि मग एकदम आत निघून गेली.

 परतीच्या वाटेवर मला सरांना खूप काही विचारायचं होतं. शेवटी मी खिशातून खडू काढून मागं धरला. त्यांनी तो घेतला. "माणसांच्या भाषेत बरं बोललात हो कवी," ते म्हणाले. खडू देताना मी तर काहीच बोललो नव्हतो.

जुलैत ऋतुजा गेली. स्टेशनवर तिचे आई-वडील होते, थोरली बहीण आली होती, आम्ही दोघं होतो. सरांनी तिला एक जाडजूड वही दिली. गाडी हलल्यावर माझ्या मनात आलं, आता सर पूर्वीसारखे परत गणपतच्या आरशाकडे वळणार.

वळलेही. फक्त हल्ली शेवटी "कळलं?" असं विचारत नाहीत. "कुठं अडलं?" विचारतात. त्यामुळे लोकांची फारच पंचाईत झाली आहे. गणपतनं मला परवा विचारलं, "सर, कुटं अडलं म्हनून सांगाया बी थोडं कळाया लागतंय की न्हाई?" 

फोन रविवारी येतो, दुपारी जेवणानंतर. सर तेव्हा आमच्याकडेच असतात. पहिल्या दोन-तीन रविवारी नुसतीच ख्यालीखुशाली झाली, "अजून तर ओळखीच होताहेत" म्हणून. गेल्या रविवारी मात्र फोन आला तो मोठा होता. सर उठून खिडकीपाशी गेले. सुनंदानं मला खूण केली, आवाज नको. मी कान देऊन बसलो. मला वाटलं, आता भिंती निघतील, खोली निघेल, पायरी निघेल. निदान आज शेवटचं कोडं उलगडेल आणि मलाही कळेल.

"हं… हं…" सर म्हणत होते. "जेवलीस का?… नुसता भातच असतो का रोज? भाकरी नाहीच?… रडू येतं तर रड की. मी तर बाथरूममध्ये नळ सोडून रडायचो, तू तसं करू नकोस, पाणी वाया जातं… खोलीत बरोबर कोण आहे?… ती तमिळ बोलते? मग तू मराठी बोल. आधी नावं विचार भाज्यांची… आईला सांगितलंस का हे? सांग. नाही, काळजी करत नाहीत त्या, त्या धीराच्या आहेत… हं… हं. असं होतं पहिले काही महिने. होतं गं. मलाही झालं होतं. नाही, मी कुणाला सांगितलं नव्हतं… तू सांगितलंस हे बरं झालं. किती बरं झालं."

चाळीसेक मिनिटं हे चाललं होतं. फोन ठेवून ते परत येऊन बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. शर्टाला खडू लागलेला, त्यामुळे काचा आणखीच पांढऱ्या झाल्या.

"काय म्हणाली डायोडचं?" मी न राहवून विचारलं.

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच गोंधळ होता.

"अरे, हो," ते म्हणाले. "ते विचारायचं राहूनच गेलं."

मग सुनंदाकडे वळून म्हणाले, "वहिनी, तिथलं पाणी तिला बाधतंय म्हणते. ओवा भाजून कुरियरनं पाठवला, तर पोचेपर्यंत सादळतो का हो?"